वरची बारीक ओळ

मी हॉलचं दार उघडलं तेव्हा एक अनोळखी माणूस माझ्या पियानोचं झाकण खाली आणत होता.

माझा म्हणजे कागदोपत्री तो हॉलचाच. पण आठवड्यातल्या पाच सकाळी त्याच्यासमोर मी बसते, त्याचा रुसवाफुगवा मी काढते, तेव्हा तो माझाच. बाहेर झिमझिम चालली होती. माझ्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं आणि हा उंच गडी एका हातात व्हायोलिन सावरत, दुसऱ्या हातानं टेकूची लांब काठी काढून झाकण आखूड काठीवर टेकवायच्या खटपटीत होता. लांब काठी लावली की पियानो मोकळ्या गळ्यानं बोलतो. आखूड लावली की तोंडावर हात धरल्यासारखा.

"ते होतं तसं राहू द्या," मी दारातूनच म्हटलं.

तो वळला. करडे डोळे, कपाळावर ओले केस, आणि चेहऱ्यावर 'ही कोण आता' असा भाव.

"फार आवाज होतो त्यानं."

"कुणाच्या मानानं?"

त्यानं माझ्या ठिबकणाऱ्या छत्रीकडे पाहिलं. मग जरा सांभाळून विचारलं, "तुम्ही पियानो सुरात लावायला आलात का?"

"नाही. मी तो वाजवते."

एवढ्यात हॉलच्या व्यवस्थापक क्वापिलोवाबाई धापा टाकत आल्या. आमच्या लुहाचोविचे गावात झऱ्याचं पाणी प्यायला तीन-तीन आठवडे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांची दुपारची करमणूक त्यांच्या शिरावर असते, आणि त्या कायम अशाच धापा टाकत असतात. त्यांनी भडाभडा सगळं सांगितलं. हे हिनेक टोमेश, ओस्त्रावा शहरातले व्हायोलिनवादक. पुढच्या शनिवारी चार वाजता यांचा व्हायोलिन-पियानोच्या सोनाट्यांचा कार्यक्रम. यांच्याबरोबर पियानो वाजवायचे ते यांचे म्हातारे सर. त्या सरांच्या हाताची काल शस्त्रक्रिया झाली आणि आता ते पुन्हा कधी वाजवतील असं दिसत नाही. आणि ऐकायला येणार खुद्द डोहनाल महाशय! हिवाळ्यात अकरा गावांत होणाऱ्या मैफिलींसाठी दर वर्षी एका जोडीची निवड करतात ते.

"पण काळजी नको," बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमची वेंडुला कुणालाही साथ करते."

कुणालाही साथ करते. खरंच होतं ते. पाच वर्षं मी गावातल्या संगीत शाळेत हेच करत आले होते. परीक्षेला घाबरलेली मुलं, गळा बसलेल्या गायिका, ताल चुकवून वर माझ्याकडेच डोळे वटारणारे बासरीवाले... सगळ्यांना मी सांभाळून घेतलं. टाळ्या त्यांना, फुलं त्यांना, आणि माझं नाव कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, चष्मा लावून शोधावं असं. मी चांगली वाजवते. नम्रपणे नाही म्हणत, खरं आहे म्हणून म्हणते. आणि त्या वसंतात मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता साथ पुरे.

"मी साथ करणार नाही," मी टोमेशना म्हटलं. "सोनाटा वाजवीन. सोनाट्यात दोघं बोलतात. मान्य असेल तर कोट काढते."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक खळी पडत होती, आणि जबड्याखाली व्हायोलिन टेकवणाऱ्यांना असतो तो तपकिरी वळ होता. "मान्य," तो म्हणाला.

फारच चटकन म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी कोट काढत होते, आणि खरं सांगायचं तर ती खळी बघत होते.

* * *

आमच्या हाती नऊ दिवस होते आणि वाजवायचे होते तीन सोनाटे. रोज सकाळी तो माझ्याआधी येऊन झाकण आखूड काठीवर ठेवायचा, मी आले की ते लांब काठीवर न्यायचे. त्यावर दोघांनीही अवाक्षर काढायचं नाही असा जणू करारच झाला. ओस्त्रावाकडची माणसं बोलताना शब्द अर्धे गिळतात म्हणून आम्ही इकडे त्यांची चेष्टा करतो. मीही केली. त्यावर त्यानं सांगितलं की इकडची माणसं एक शब्द एवढा ताणतात की तो संपेपर्यंत ओस्त्रावात दोन वाक्यं आणि एक बिअर आटोपते.

व्हायोलिन मात्र तो शब्द गिळत वाजवत नव्हता. पहिला सूर लावण्याआधी तो नाकानं एक छोटासा श्वास घ्यायचा. तीच माझी खूण. त्या श्वासात पुढची लय असते, आवाज किती ठेवायचा ते असतं, आणि नीट कान दिला तर समोरच्याची झोप झाली आहे की नाही तेही कळतं. तिसऱ्या दिवसापर्यंत मला त्याचा श्वास खिडकीबाहेरच्या पावसातूनसुद्धा ओळखू यायला लागला. हे काही बरं लक्षण नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि दुसऱ्या दिवशी केसांना नवी पिन लावून गेले.

चौथ्या दिवशी तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या नोटेशनच्या वहीत डोकावला. तीन ओळी होत्या. खालच्या दोन ठसठशीत, माझ्या दोन हातांच्या. आणि त्यांच्या वर एक बारीक, निम्म्या आकाराची.

"ही कोण?"

"तुम्ही."

"एवढासा?"

"हो ना. एरवी फलकांवर मी बारीक, माझ्या वहीत तुम्ही. पण बारीक का होईना, तुम्ही माझ्या वहीत आहात तरी. तुमच्या वहीत मी आहे का?"

नव्हते. व्हायोलिनच्या वहीत फक्त व्हायोलिनच असतं. जिथं पियानो एकटा वाजतो तिथं त्याच्या कागदावर नुसती एक आडवी रेघ आणि वर आकडा. दुसऱ्या सोनाट्याच्या संथ भागात अशीच एक रेघ होती, वर सात लिहिलेलं. सात आवर्तनं गप्प.

"इथे तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"मोजतो."

"आणि मी?"

"तुम्ही..." त्यानं मान खाजवली. "काहीतरी वाजवता."

मी मग ती सात आवर्तनं वाजवली, त्याच्यासाठी, अगदी सावकाश. अख्ख्या सोनाट्यातली सगळ्यात सुंदर जागा आहे ती. डावा हात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि उजवा उत्तर द्यायचं टाळत राहतो. वाजवून झालं तरी तो हलला नाही. पाऊस थांबला होता, खिडकीच्या गजावरून एकेक थेंब पडत होता.

"हे मी किती वर्षं वाजवतोय," तो हळूच म्हणाला, "आणि हे इथे होतं?"

"इथेच होतं. तुम्ही मोजत होता."

"पुन्हा वाजवाल?"

मी वाजवलं. तो खूश झाला म्हणून मी किती खूश झाले ते सांगत बसत नाही. त्या दुपारी तो झऱ्याजवळच्या दुकानातून गरम ओब्लाट्का घेऊन आला. आमच्याकडची ती पातळ, गोल, आत बदाम-साखर भरलेली बिस्किटं. साखरेच्या बोटांनी पियानोला हात लावायचा नाही हा माझा कडक नियम, म्हणून मी नको म्हटलं. त्यानं एक तुकडा मोडला आणि सरळ माझ्या ओठांसमोर धरला.

"नियम बोटांचा आहे ना? तोंडाचा नाही."

मी खाल्ला. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून, मोठ्या ऐटीत. कानांची टोकं मात्र तापली होती.

एवढं होऊनही आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो. 'तू'वर यायचं तर आधी सुचवायचं बाईनं, ही आमच्याकडची रीत. मग दोघांनी पेले भिडवायचे, आपापलं नाव सांगायचं, प्यायचं, आणि एकमेकांची पापी घ्यायची. वयस्कर मंडळी ती गालावर उरकतात.

"क्वापिलोवाबाई विचारत होत्या," व्हायोलिन पुसता पुसता तो म्हणाला, "अजून 'तुम्ही'च का म्हणून."

"मग? घाई कुणाला आहे?"

"मला. पण सुचवायचं तुम्ही असतं."

"बघू," मी म्हटलं. "तुमची प्रगती बघून ठरवू."

तो खळी पाडून हसला. मी मनातल्या मनात शनिवारचा मुहूर्त नक्की करून टाकला. कार्यक्रम झाल्यावर, फुलं हातात असताना.

* * *

गुरुवारी सकाळी झऱ्याच्या ओवरीत फलक लागले. ओवरीत नेहमीसारखीच गर्दी होती. पाहुणे चोचीचे पेले हातात धरून खारट पाणी घोट घोट चोखत येरझाऱ्या घालत होते, आणि मला पाहून दोघीतिघींनी फलकाकडे बोट दाखवलं. मी छत्री मिटली आणि जवळ गेले.

'हिनेक टोमेश', हातभर अक्षरांत. खाली 'व्हायोलिन'. त्याच्याखाली सोनाट्यांची यादी. आणि तळाशी, छपाईवाल्याच्या पत्त्याच्या जरा वर: 'पियानोसाथ: व्ही. हानाकोवा'.

मी ते दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच तरातरा हॉलवर गेले. तो व्हायोलिन सुरात लावत होता. मला पाहताच हसला, आणि मग माझा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

"फलकाचा मजकूर कुणी दिला?"

"मी. का, काय झालं?" मग त्याला आठवलं. ते आठवणं त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. "अरे देवा... सरांच्या वेळचा जुना मजकूर होता. सर स्वतःच तसं लिहायला लावायचे. पियानो म्हणजे गालिचा म्हणायचे, व्हायोलिननं त्यावरून चालायचं. मी तोच मजकूर पाठवला, फक्त नाव बदललं."

"फक्त नाव बदललंत."

"हो."

"माणूस बदललंय हे लक्षात नाही आलं."

तो काहीतरी बोलायला गेला. मी बोलू दिलं नाही. मला रडू येत होतं आणि ते मला त्याच्यासमोर नको होतं, म्हणून मी शब्द अगदी मोजून वापरले. "मी शब्द दिलाय, शनिवारी वाजवीन. डोहनाल महाशयांनी निवड केली तर अकरा गावांसाठी दुसरं कुणी बघा. आणि तोपर्यंत, तिथं जे छापलंय तेच मी करीन."

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून यथास्थित रडले. अकरा गावं गेली याचं दुःख होतंच. पण जास्त झोंबत होतं ते हे, की जो माणूस माझ्या सात आवर्तनांपुढे श्वास रोखून उभा राहिला त्यालाही कागदावर मी दिसले नव्हते. मी त्याच्यावर प्रेम करायला लागले होते. ते मला त्या उशीत कळलं, आणि त्याचा आणखीच राग आला.

* * *

शुक्रवारच्या तालमीला मी आधी पोहोचले आणि माझ्या हातानं झाकण आखूड काठीवर ठेवलं. तो आला, त्यानं झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. व्हायोलिन काढलं.

मग मी साथ केली. अशी साथ की शाळेत उदाहरण म्हणून दाखवावी. तो रेंगाळला की मी रेंगाळले. तो धावला की मी धावले, अर्धं पाऊल मागे राहून. त्यानं आवाज चढवला की मी उतरवला. प्रश्न विचारायच्या जागी मी मान डोलवली. एकही सूर चुकला नाही, आणि एकही माझा नव्हता.

दुसऱ्या सोनाट्याच्या मध्यावर त्यानं व्हायोलिनचा बो खाली घेतला.

"तुम्ही मी म्हणेन ते सगळं करताय."

"हो."

"भयंकर वाटतंय."

"सभ्यपणा आहे तो. सवय होईल."

"वेंडुला..." तो थांबला. नुसतं नाव घेण्याची परवानगी त्याला नव्हती, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. "हानाकोवाबाई. मी जिकडे पाऊल टाकतो तिकडे जमीन सरकते. टेकायला काही नाही. दहा वर्षं मला हेच हवं होतं असं मला वाटत होतं. गालिचा." तो खुर्चीवर बसला. "चुकलो मी. फलकाचं नाही म्हणत. तेही चुकलोच. पण त्याच्या आधीपासून चुकतोय."

मी पट्ट्यांकडे बघत राहिले. विरघळायचं नाही असं ठरवलं होतं आणि मी हट्टाला पेटले की पेटले.

"एक मागू?" तो म्हणाला. "तुमची वही उद्यापर्यंत देता?"

"घ्या. मला सगळं पाठ आहे."

हे त्याला टोचावं म्हणून म्हटलं होतं. त्यानं वही दोन्ही हातांनी घेतली, कोटाच्या आत घातली, आणि पावसातून निघून गेला. मी पियानोच्या पट्ट्यांवर कपडा पसरला आणि घरी जाताना ओब्लाट्का घेतल्या. चार. एकटीनं खाल्ल्या.

* * *

शनिवारी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत डोहनाल महाशय, गुडघ्यावर टोपी आणि हातात पेन्सिल. क्वापिलोवाबाई विंगेत धापा टाकत होत्या: साडेपाचला पाहुण्यांच्या जेवणाची पहिली पंगत, घंटा झाली की माणसं उठणार म्हणजे उठणार, तेव्हा कृपा करून लांबवू नका.

हिनेक आला. काळा कोट, डोळ्यांखाली जाग्रणाची वर्तुळं. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात माझी वही.

"तुमचा स्टँड कुठाय?" मी विचारलं.

"आणला नाही."

"आणि तुमची वही?"

"तीही नाही आणली. तुमच्यात आहे की मी. बारीक, पण आहे."

मी पुढे काही बोलायच्या आत तो एकटाच रंगमंचावर गेला. लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, टाळ्या पडल्या. त्यानं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं, पियानोजवळ गेला, झाकण दोन्ही हातांनी वर उचललं आणि लांब काठीवर टेकवलं. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. मग वही माझ्या जागेवर उघडून ठेवली, विंगेत परत आला आणि बाजूला झाला.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

मी गेले. बसले. तो माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या कोटाचा ओल्या लोकरीचा वास आला.

"तिथून बो माझ्या कानाला लागेल," मी ओठ न हलवता म्हटलं.

"जपीन."

"पानं कोण उलटणार?"

"ज्याचा हात मोकळा असेल तो."

मी त्याला सूर दिला, त्यानं तारा जुळवल्या. मग मागून तो छोटासा श्वास आला, माझ्या मानेवर... आणि आम्ही सुरू केलं.

राग धरून सोनाटा वाजवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला, पानभर टिकला. तो माझ्या डाव्या हाताला विचारत होता, थांबत होता, उत्तर ऐकून पुढे बोलत होता. मीही मग माझ्या आवाजात बोलायला लागले. पहिला सोनाटा कधी संपला ते कळलं नाही.

दुसऱ्याच्या संथ भागात पान उलटलं आणि मला वहीत पेन्सिलीची अक्षरं दिसली. वरच्या बारीक ओळीत, जिथं त्याच्या गप्प बसण्याची सात आवर्तनं होती, तिथं प्रत्येकावर एकच शब्द लिहिला होता, स्वतःसाठी. ऐक. ऐक. ऐक. सात वेळा.

डोळे भरून आले तरी बोटांना रस्ता माहीत असतो. मी ती जागा वाजवली, आजवर कधीच वाजवली नव्हती अशी. डाव्या हातानं प्रश्न विचारला, उजव्यानं टाळला, पुन्हा विचारला. सातवं आवर्तन संपत आलं. आता त्यानं यायचं होतं. मी त्याच्या श्वासाची वाट पाहिली.

श्वास आलाच नाही.

मी तिरक्या नजरेनं वर पाहिलं. व्हायोलिन त्याच्या छातीशी होतं, बो खाली लोंबत होता, आणि तो माझ्या हातांकडे बघत ऐकत उभा होता. मोजायचंच विसरला होता! ज्या माणसानं दहा वर्षांत एक आकडा चुकवला नाही तो भर मैफिलीत, निवड करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, यायला विसरला.

पाच वर्षं घाबरलेल्या मुलांना सांभाळून घेतलं ते वाया गेलं नाही. मी सातवं आवर्तन पुन्हा घेतलं. उजव्या हाताला एक छोटंसं वळण दिलं, जणू ते तिथं पहिल्यापासून होतंच, आणि खांदा किंचित मागे नेऊन त्याच्या कोपराला टेकवला. तो दचकला. श्वास आला. आणि त्याचा सूर माझ्या सुरावर असा अलगद उतरला की हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिसऱ्या सोनाट्याच्या शेवटच्या भागात पंगतीची घंटा झाली. मागे खुर्च्या करकरल्या, मी म्हटलं आता निघाले सगळे. एकच आजोबा उठले. दारापर्यंत गेले, आणि दाराला टेकून शेवटपर्यंत तिथंच उभे राहिले. त्या दिवशी पहिली पंगत वीस मिनिटं उशिरा बसली. असं याआधी कधी झालं नव्हतं म्हणे.

* * *

टाळ्या संपल्यावर डोहनाल महाशय मागच्या खोलीत आले. त्यांनी टोपी हातात फिरवली आणि हिनेककडे पाहिलं.

"टोमेश, तुम्हाला मी सरांबरोबर चारदा ऐकलंय. कधी एक चूक नाही. म्हणून कधी बोलावलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "त्या संथ भागात सात आवर्तनं आहेत, बाई. मी आठ ऐकली."

"हो," मी म्हटलं. "एक माझ्याकडून."

"हिवाळ्यातही देणार का?"

"गरज पडली तर."

ते पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी खिशातली वही काढली. फलकावर नावं कशी टाकायची, असं त्यांनी हिनेकला विचारलं.

"वेंडुला हानाकोवा आणि हिनेक टोमेश," हिनेक म्हणाला. "सारख्या अक्षरांत. जुन्या प्रतींवर आधी पियानो छापलेला असतो, मग व्हायोलिन. काल सगळी वही वाचली तेव्हा मुखपृष्ठही वाचलं." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "पण लिहू नका अजून. बाईंनी शनिवारपर्यंतच शब्द दिला होता. तो आज संपला."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पाच वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्या हातात आलं होतं, आणि कुणी उपकार म्हणून दिलं नव्हतं. मी डोहनाल महाशयांकडे दहा मिनिटं मागितली, छत्री उचलली आणि हिनेकला म्हटलं, "चला."

ओवरी रिकामी होती, सगळे जेवायला गेलेले. झिमझिम चालूच होती. मी झऱ्यावरून दोन पेले भरून घेतले आणि एक त्याच्या हातात दिला. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. ते पाणी औषधासारखं खारट, ते काही कुणी हौसेनं पीत नाही.

"आधी मला बोलू द्या," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तरी मी वाजवीनच. तुमच्याशिवाय मला वाजवता येणार नाही असं नाही. येईल. पण मला वाजवायचं नाही. आणि हे फक्त सोनाट्यांचं नाही... माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्या सात आवर्तनांपासून. कदाचित 'कुणाच्या मानानं' पासूनच."

मी मनात सात मोजले, मुद्दाम. तो काही मोजत नव्हता. माझ्याकडे बघत, ओल्या केसांनी, नुसता उभा होता.

मग मी पेला त्याच्या पेल्याला भिडवला.

"वेंडुला," मी म्हटलं.

त्याला समजायला एक क्षण लागला. मग खळी पडली.

"हिनेक."

आम्ही प्यालो. त्यानं रीतीप्रमाणे माझ्या गालाकडे तोंड आणलं. मी मान वळवली, आणि रीत तिथंच मोडली. ओठांना खारट चव होती, दोघांच्याही.

"आता डोहनालना काय सांगायचं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"सांग, लिहून घ्या म्हणावं," मी म्हटलं. "आणि फलकाचा मजकूर यापुढे मी पाठवीन."

डोहनाल महाशयांची दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.